मालमोटारीचा ताप आणि जळका वास : एक पाठ

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी ‘काही उपयुक्त लिहून द्या’ असा निरोप आला, तेव्हा आम्ही प्रथम शिक्षणाचे महत्त्व या विषयावर निबंध लिहावयास बसलो. दोन पाने झाल्यावर आमचे आम्हांसच असे वाटले की, या विषयावर प्रत्येक स्मरणिकेत कोणी ना कोणी लिहितोच. आपल्या सभासदांपैकी कित्येकांची चूल मालमोटारीवर पेटते. कोणी मालक आहे, कोणी ड्रायव्हर, कोणी क्लीनर, तर कोणाचे गॅरेज आहे. बहुतेकांच्या गाड्या जुन्या आहेत. नवी घेण्याची ऐपत नाही आणि जुनी विकून भागत नाही, अशी स्थिती. तेव्हा जुन्या गाडीचे इंजिन तापू लागले व जळका वास येऊ लागला, तर तो कसा ओळखावा, याचाच एक पाठ का देऊ नये, असे मनात आले. आम्ही मिस्त्री नव्हे, शाळामास्तर आहोत. परंतु जे मिस्त्री हाताने जाणतात, त्यामागचे कारण सांगणे हे मास्तराचे काम आहे, आणि तेवढेच येथे करावयाचे आहे.

या विषयाशी आमच्या घरचा एक व्रण जोडलेला आहे, तो प्रथम सांगतो.

आम्ही नववीत असताना आमच्या चाचांनी कर्ज काढून एक वापरलेली मालमोटार घेतली होती. उन्हाळ्यात एकदा माल भरून घाट चढताना गाडी तापली. वास येत होता, पण चाचा म्हणाले, ‘क्लचचा असेल, माथ्यावर गेल्यावर बघू.’ माथा गाठण्यापूर्वीच वाफेचा लोट उठला. गाडी थांबवली. क्लीनर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. त्याने ओले फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी उसळून त्याच्या उजव्या हातावर व गळ्यावर आले. इकडे घाबरलेल्या चाचांनी ओढ्याचे थंड पाणी बादलीने आणून तापलेल्या इंजिनात ओतले. त्या एका बादलीने हेडला तडा गेला. पोरगा पुढे बरा झाला, पण त्याच्या हाताची बोटे पुन्हा पुरती मिटली नाहीत. हेड बदलण्यास पैसे नव्हते. गाडी भंगाराच्या भावाने गेली, कर्ज मात्र राहिले, आणि आमच्या चुलत भावाची शाळा दहावीपूर्वीच सुटली. तिघांचे नुकसान झाले आणि तिन्ही टाळता येण्यासारखी होती. कोणी आळशी नव्हते, कोणी वाईट नव्हते. एवढेच की, त्या झाकणाखाली काय चालले आहे हे कोणी त्यांस कधी सांगितले नव्हते.

इंजिन तापते का?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे तपासले गेले. जळणातील उष्णतेपैकी सुमारे चौथा हिस्सा त्याने कामी लावला, आणि त्या काळी हा मोठा विक्रम समजला गेला. आपल्या देशात १९५४ साली टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून मालमोटारी बांधावयास घेतल्या. तो करार १९६९ पर्यंत चालला, आणि डिझेल गाडी खेडोपाडी पोहोचली. आमच्या भागात १९५० च्या दशकात दांडेलीस कागदगिरणी निघाली. काळी नदीच्या खोऱ्यातील बांबू वाहून नेण्यास गाड्या जंगलात शिरल्या, आणि ड्रायव्हरकी हा येथला एक धंदाच होऊन बसला.

इंजिन कितीही सुधारले तरी एक गोष्ट बदललेली नाही. डिझेलवर आपण एक रुपया खर्च केला, तर ढोबळ मानाने त्यातील पस्तीस-चाळीस पैसेच चाके फिरविण्याच्या कामी येतात. तीसएक पैसे सायलेन्सरातून धुरावाटे जातात, आणि उरलेले लोखंडात मुरतात. ही मुरलेली उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून बसेल. ती बाहेर काढण्यासाठी चार नोकर ठेवलेले आहेत. पाणी उष्णता उचलते, वॉटर पंप ते पाणी फिरवितो, रेडिएटर ती उष्णता हवेला देतो, आणि पंखा ती हवा ओढतो. पाचवा नोकर म्हणजे ऑईल. ते घर्षण कमी करते व पिस्टनच्या खालची उष्णताही वाहून नेते. इंजिन तापले म्हणजे या पाचांपैकी कोणीतरी काम सोडले, किंवा मालकाने त्यांच्यावर शक्तीबाहेर काम लादले. तिसरे कारण नाही.

झाकणाचे रहस्य

घरातील भगिनींनी हा भाग अवश्य वाचावा, कारण त्या तो आधीच जाणतात. प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, कारण वाफ कोंडल्यामुळे पाणी १०० अंशांवर न उकळता सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. रेडिएटरचे झाकण हा तसलाच एक कुकर आहे. त्याच्या स्प्रिंगेमुळे आत दाब राहतो, आणि पाणी १०० च्या वर गेले तरी उकळत नाही. आता शिट्टी न काढता, दाब न उतरविता, कुकरचे झाकण कोणी ओढून काढील काय? तापलेल्या रेडिएटरचे झाकण काढणे म्हणजे नेमके तेच करणे होय. दाब सुटताच आतील पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि बाकीचे पाणी ती वाफ तोंडावर फेकते. त्या पोराच्या हातावर पडले ते १०० अंशांहून अधिक तापलेले पाणी होते. तेथे ओल्या फडक्याचा काय उपयोग?

हेच झाकण जुने झाले, त्याचे रबर चिरले, तर दाब राहत नाही. पाणी लवकर उकळते आणि इंजिनात दोष नसता गाडी ‘उकळू’ लागते. म्हणून पाणी कमी होत असेल व गळती दिसत नसेल, तर हजारोंचा खर्च काढण्यापूर्वी झाकण पाहावे.

तापण्याची वेळ पाहावी

वैद्य विचारतो, ‘ताप सकाळी येतो की संध्याकाळी?’ गाडीलाही तोच प्रश्न विचारावा.

उभ्या गाडीत अथवा हळू चालीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंख्याकडे पाहावे. वेगात वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच मिळतो. पट्टा ढिला झाला असेल, चकचकीत होऊन घसरत असेल.

सपाटीवर ठीक व चढणीवर तापते, तर रेडिएटर चोंदला आहे, ओझे जास्त आहे, किंवा पंपाचे टायमिंग व नोझल बिघडले आहेत असे समजावे. काळा धूर सोबत असेल तर जळण पुरते जळत नाही, ही त्याची साक्ष. आमच्याकडील लाल धूळ, सुक्या गवताचे कुसळ व किडे रेडिएटरच्या जाळीत असे बसतात की, बाहेरून ती स्वच्छ दिसते आणि आत भिंत झालेली असते. जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावे. समोरून मारल्यास कचरा अधिकच आत ठासतो. ओढ्याचे गढूळ पाणी वारंवार भरल्यास नळ्यांतही गाळ साचतो. गाळाचा व गंजाचा थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी जाऊ देतो. चुलीवरच्या काजळी धरलेल्या, आतून क्षार साचलेल्या भांड्यात पाणी उशिरा तापते, तोच हा प्रकार.

सुरू करून थोड्याच वेळात तापते, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अडकला आहे, किंवा हेड गॅस्केट गेले आहे. वरचा पाइप कढत व खालचा थंड राहत असेल, तर पाणी फिरत नाही हे उघड आहे. हेड गॅस्केटची परीक्षा सकाळी, इंजिन पुरते थंड असता करावी. झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरावा व इंजिन सुरू करावे. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरतो आहे. ऑईलची काडी काढून पाहावी. ऑईल दुधाळ झाले असेल, तर पाणी ऑईलमध्ये उतरले आहे. अशी गाडी एक मैलही चालवू नये.

येथे एक फसवणूक ध्यानात ठेवावी. तापमानाचा काटा पाण्यात बुडालेल्या यंत्रावर चालतो. पाणी संपून ते यंत्र उघडे पडले, की काटा कित्येकदा उलट खाली येतो, आणि ड्रायव्हर म्हणतो, ‘चला, निवली.’ वास येत असता काटा अचानक उतरला, तर तो दिलासा समजू नये. तेथेच थांबावे.

नाकाची परीक्षा

काटा खोटे बोलेल, पण नाक सहसा बोलत नाही. मात्र नाकाला भाषा शिकवावी लागते.

गोडसर, गुळचट वास, काचेवर चिकट धुके : रेडिएटरमध्ये कूलंट घातलेले असून ते गळत आहे. साधे पाणी असेल तर हा वास येणार नाही, केवळ वाफ दिसेल.

तळणीच्या जळक्या तेलासारखा वास, बॉनेटमधून निळसर धूर : टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑईल झिरपून तापलेल्या एक्झॉस्टवर पडत आहे.

कच्च्या डिझेलचा वास : नोझलची नळी किंवा तिचा नट गळतो आहे. हा वास सौम्य वाटतो, पण फार घातक आहे. थंड डिझेल सहजी पेटत नाही हे खरे, परंतु चढणीवर एक्झॉस्ट लाल होण्याइतका तापतो, आणि त्यावर पडलेले थेंब पेट घेऊ शकतात.

जळक्या रबराचा वास : पट्टा घसरतो आहे, अथवा एखादा पाइप तापल्या भागास टेकला आहे.

प्लॅस्टिक जळल्यासारखा, नाकाला झोंबणारा वास : वायरिंग. येथे विचार करीत बसू नये. इंजिन बंद करून बॅटरीची तार सोडवावी. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहिली, की उंदीर वायरी कुरतडतात व इंजिनावर पाल्यापाचोळ्याचे घरटे करतात. पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा गाडी काढताना बॉनेट उघडून पाहण्याची सवय ठेवावी.

कुजक्या अंड्यासारखा वास : बॅटरीस प्रमाणाबाहेर चार्जिंग होत आहे. जवळ विडी-काडी ओढू नये.

जळक्या कागदासारखा वा केसांसारखा कोरडा वास : क्लच किंवा ब्रेक. हे दोघे जुळे भाऊ आहेत, आणि नाकाने त्यांस वेगळे करणे कठीण. चढताना आला तर बहुधा क्लच, उतरताना आला तर बहुधा ब्रेक. क्लचची परीक्षा सपाट, मोकळ्या जागी करावी. हातब्रेक लावून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडले तर क्लच धरतो आहे. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ब्रेकची परीक्षा चाकाजवळ करावी. ड्रमला हात लावू नये, वीतभर अंतरावर हाताची पाठ धरावी. एक चाक इतरांहून फार कढत लागले, तर ब्रेक तेथे अडकला आहे.

कडब्याच्या गाडीची गोष्ट

हा सर्व पाठ प्रत्यक्षात कसा उतरतो, ते एका प्रसंगावरून सांगतो.

माघ महिन्यात उळवीस श्रीचन्नबसवण्णांच्या समाधीची यात्रा भरते, हे सर्वांस ठाऊक आहेच. धारवाड-बेळगावकडून भाविक आजही बैलगाड्या घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी अशा यात्रेच्या आधी बैलांसाठी कडबा भरलेली एक जुनी मालमोटार हल्याळकडून उळवीस निघाली होती. मालक आमच्या परिचयाचे म्हणून आम्हीही त्यातून येत होतो. जोयडा सोडून कुंभारवाड्याच्या बाजूस लागलो आणि काटा चढू लागला. पाठोपाठ कोरडा जळका वास आला.

ड्रायव्हर म्हणाला, ‘मास्तर, चढण आहे, क्लच असेल. अर्ध्या तासात उळवी येते.’

आम्हांस चाचांचा शब्द आठवला. आम्ही म्हटले, ‘भाऊ, असेल तर असू दे. पण मागे कडबा आहे आणि कडब्यावर दोन पोरे बसली आहेत. दहा मिनिटे थांबू या.’

तो थोडा रागावला, पण थांबला. पोरे प्रथम खाली उतरविली व चाकांना दगड लावले. इंजिन बंद न करता थोडे रेस ठेवून चालू दिले, कारण पाणी शिल्लक होते, पट्टा शाबूत होता व पंखा फिरत होता. काटा हळूहळू उतरू लागला. मग आम्ही दोघे गाडीभोवती फिरलो. बॉनेटपाशी वास जवळजवळ नाही. गाडीच्या मधोमध, क्लचच्या खाली, थोडा. मागे डाव्या चाकाशी मात्र नाक मुरडावे इतका. हाताची पाठ धरली तर भट्टीसारखी धग. त्याच्यावर दोन हातांच्या अंतरावर सुका कडबा!

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. तो स्वतःच म्हणाला, ‘म्हणूनच सकाळपासून गाडी ओढत नाही, आणि सपाटीवर न्यूट्रल केली की लगेच मंदावते.’ चाक थंड झाल्यावर जॅक लावून फिरवून पाहिले, तर ते हाताने हलेना. ब्रेक शूची स्प्रिंग मेलेली, लायनर ड्रमला घासूनच होता. चाक अडकले म्हणजे इंजिनास ओझे ओढावयाचे ते ओढावेच लागते, शिवाय स्वतःच्याच ब्रेकशी झगडावे लागते. ते झगडण्याचे काम ड्रमवर उष्णता होऊन बाहेर पडते आणि इंजिनातही उष्णता वाढविते. ताप पुढे आणि वास मागे, पण मूळ एकच होते.

ब्रेक तात्पुरता सैल करून, पोरांस केबिनमध्ये घेऊन, कमी गिअरमध्ये सावकाश निघालो. वास गेला. पण पुढच्या चढणीवर काटा पुन्हा थोडा चढलाच. तेव्हा ध्यानात आले की, रेडिएटरची जाळीही कुसळाने भरलेली आहे. यात्रेनंतर दोन्ही कामे झाली. आजारी माणसास जसे दोन रोग एकदम असू शकतात, तसेच जुन्या गाडीचे असते. एक दोष सापडला म्हणून दुसरा नाहीच असे मानू नये.

संकटसमयीचे नियम

जंगलात मोबाईलला रेंज नसते, मिस्त्री नसतो. तेव्हा पुढील गोष्टी कागदावर लिहून केबिनमध्ये लावून ठेवाव्यात.

(१) वास आला की पुढच्या सुरक्षित जागी थांबावे, ‘माथ्यावर बघू’ म्हणू नये.
(२) माणसे प्रथम उतरवावीत, चाकांना दगड लावावेत.
(३) पाणी शिल्लक असेल व पट्टा शाबूत असेल, तर इंजिन थोडा वेळ रिकामे चालू ठेवावे. पट्टा तुटला, पाणी संपले, ऑईलचा दिवा लागला, वायरिंगचा किंवा डिझेलचा वास आला, तर ताबडतोब बंद करावे.
(४) झाकणास अर्धा-पाऊण तास हात लावू नये.
(५) पाणी घालावयाचे ते इंजिन निवल्यावर, ते चालू ठेवून, धारेने, थोडे थोडे. तापल्या लोखंडावर थंड पाणी म्हणजे तापल्या तव्यावरची मातीची झाकणी, तडा जाणारच.
(६) धूर निघत असता बॉनेट एकदम सताड उघडू नये, वाऱ्याने ज्वाला भडकते. आग विझविण्याचे सिलिंडर आधी हाती घ्यावे.
(७) कोणास भाजले तर थंड वाहते पाणी वीस मिनिटे घालावे. हळद, टूथपेस्ट, ऑईल काहीही न लावता दवाखाना गाठावा.

समारोप

नव्या गाड्यांत संगणक असतो. तो दिवा लावतो, गाडीचा वेग आपोआप कमी करतो. जुन्या गाडीत संगणक नाही, तेथे ड्रायव्हरचे नाक, कान व हाताची पाठ यांनीच ते काम करावयाचे आहे. ही शाळा फी मागत नाही, पण चुकीची शिक्षा मोठी देते.

गेली काही वर्षे आम्ही विज्ञानाच्या तासाला कुकर आणि रेडिएटरचे झाकण शेजारी शेजारी ठेवून ‘दाब व उत्कलनबिंदू’ हा धडा शिकवितो. गाडीवाल्यांची मुले त्या दिवशी फार उत्साहाने उत्तरे देतात, आणि घरी जाऊन वडिलांस सांगतात. एका मुलीने आपल्या अब्बांच्या गाडीचे चिरलेले झाकण ओळखून दुसऱ्या दिवशी वर्गात आणून दाखविले. आम्हांस त्या दिवशी पगाराहून मोठे काही मिळाल्यासारखे वाटले.

आपल्या ट्रस्टने या महोत्सवी वर्षात क्लीनरचे काम करणाऱ्या तरुण मुलांसाठी एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून असा दोन दिवसांचा वर्ग घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यास इमारत नको, देणगी नको. एक उभी जुनी गाडी व एक झाड पुरेल. शिकविण्यात आमचा जो वाटा असेल तो आम्ही आनंदाने उचलू. आमच्या चाचांच्या क्लीनरचा हात आम्ही परत देऊ शकत नाही. पण त्याच्या जागी आज उभ्या असलेल्या मुलाचा हात वाचविणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.